दुखणाइताचं दळण

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझे सांधे धरले. साठ सालच्या सुमाराची गोष्ट. सकाळी मूठ उघडायची नाही, मनगटं तव्यावरच्या भाकरीसारखी फुगलेली असायची. आणि दुपारपर्यंत सगळं असं निवळायचं, की सकाळी कण्हत होती ती बाई मीच का, असा मलाच प्रश्न पडायचा. मग दुसऱ्यांनी विश्वास ठेवावा तरी कसा?

आमचं गाव यवतजवळ, हमरस्त्यापासून जरा आत. घरात तिघंच: मी, आमचे हे आणि सासूबाई. ह्यांनी मला एसटीत घालून दौंडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "हा संधिवात आहे. जन्माची सोबत समजा. सूज असेल तेव्हा हातांना विसावा द्यायचा. सूज उतरली की हात चालते ठेवायचे, नाहीतर आखडून बसतील. घरी जातं आहे ना? थोडं थोडं दळत जा. व्यायाम म्हणून."

दळणाला व्यायाम म्हणतात हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. व्यायाम तालमीतले गडी करतात, खुराक खातात, अंगाला माती लावतात. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"सूज आसली तर पड, नसली तर दळ? आगं, ह्ये कसलं दुखणं म्हनायचं? मान्सानं येक तर दुखणाईत आसावं, न्हाईतर धडधाकट."

खरं सांगायचं तर मलाही त्यांचंच पटलं होतं. सोमवारी आजारी आणि मंगळवारी बरी अशी बाई मीही कुठे पाहिली नव्हती.

त्यात गावात नुकतीच पिठाची गिरणी आलेली. तिच्या इंजिनाचं कुक-कुक-कुक पार शिवारापर्यंत ऐकू जायचं. जातं आता लग्नाच्या हळदीपुरतं, नाहीतर डाळ भरडायला. तरी मी एका दुपारी ज्वारी घेऊन बसले. मनगटं कुरकुरत होती, पण दुखता दुखता सैलही होत होती. आणि नेमकी शेजारची काकी मला भेटायला आली. दुखणाइताला भेटायला जायची आमच्याकडे रीत. भेटायला आलेल्या माणसाला दुखणाईत अंथरुणात दिसावा, ही त्याच रीतीची दुसरी बाजू. काकी उंबऱ्यातच थबकली.

"आगं बया! दारात गिरणी आसताना आजारी पोरीला जात्याला जुंपलीस व्हय?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? दुसऱ्या दिवशी बघते तर जात्याचा खुंटाच नाही. त्यांनी काढून लपवला होता. तेव्हापासून मला पाण्याला, शेणाला, चुलीला, कशाला म्हणून हात लावू देईनात. "पड तू," म्हणायच्या, आणि उशाशी दूध आणून ठेवायच्या. एवढी माया माझ्या आईनंही केली नसेल, आणि त्या मायेचा मला इतका राग यायचा की दूध तसंच पांढऱ्या मांजराला जायचं.

पडून पडून हात आणखीच धरले. एकदा सासूबाई रानात गेल्यावर चोरून भाकरी थापायला बसले. भाकरीला तळवा सपाट लागतो. माझी बोटं सरळ होईनात, भाकरी परातीतच फाटली. भाकरी न येणारी सून म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी पिठाच्या हातांनी तिथंच रडले.

फाटकी भाकरी त्यांनी पाहिली असावी. त्या आठवड्यात म्हणाल्या, "शिरूरला जा म्हायेरी. आराम पडला की ये."

ही माया होती की पाठवणी? मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे म्हणाले, "आई म्हनतीया तर..." आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मला काहीच उमजेना. दुखते म्हणावं तर माहेरी रवानगी, दुखत नाही म्हणावं तर उद्या सकाळी मूठ उघडणार नव्हती.

निघायच्या दिवशी बोचकं बांधता बांधता मात्र माझा तोल गेला. "आत्याबाई, हे दुखणं जन्माची सोबत आहे असं डॉक्टर म्हणालेत. आराम पडला की ये म्हणता. मग मी यायचं कधी?"

सासूबाई उठल्या. माजघरात गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. तेवढ्यात काकी आली, मला निरोप द्यायला. मागोमाग सासूबाई बाहेर आल्या. एका हातात ज्वारीनं भरलेलं सूप, दुसऱ्या हातात खुंटा. त्यांनी तो जात्यात बसवला, दगडानं ठोकला आणि सूप माझ्यापुढे सरकवलं.

काकीनं आ वासला. सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "काय करावं बाई, गिरणी बंद हाय. पट्टा तुटलाय म्हनं."

बाहेर गिरणी कुक-कुक-कुक करत होती. इतकी स्पष्ट, की मला हसू येईना आणि रडूही येईना. काकीनं दाराकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं. मग पदर सावरून खाली बसली.

"व्हय बाई," ती म्हणाली, "सकाळधरनं बंदच हाय."

सासूबाईंना डॉक्टरांचं म्हणणं पटलं होतं, की माझी दया आली होती, की नुसती घरातली भाकरी हवी होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आजही मला सांगता येणार नाही. शिरूरला मी गेले ती दिवाळीला, चार दिवसांसाठी. पुढे रोज सकाळी त्या माझी मनगटं हातात घेऊन बघायच्या. सूज दिसली की टोपली डोक्यावर घेऊन म्हणायच्या, "आज गिरणी चालू हाय, पड तू." सूज नसली की गिरणी बंद.