मामांच्या कपातली बटणं

काजं करायच्या कामावर लागलेल्या वहिनी पहिल्या दिवशी शिवणकारखान्यात शिरल्या तेव्हा त्यांना वाटलं, इमारत पेटली. मागच्या खोलीतून वाफेचे लोटच्या लोट येत होते. त्यातून आधी मिशा बाहेर आल्या, मग नाक, आणि वहिनी बंब बोलवायच्या बेतात असताना उरलेला माणूस.

"घाबरू नकोस पोरी," तो म्हणाला, "पँटच आहे."

हे इस्त्रीमामा.

कारखाना सगळ्या कारागिरांच्या मालकीचा, त्यामुळे दरवर्षी कारभारी निवडायचा. ट्रायल रूमच्या पडद्यामागे दोन कप असत, एक कटिंगमास्तरचा, एक मामांचा. ज्याला मत द्यायचं त्याच्या कपात बटण टाकायचं. मास्तरची जीभ त्याच्या कात्रीहून धारदार. पण कपडे वेळेवर जायचे, म्हणून तोच निवडून यायचा. मामा उभे राहत ते कुणीतरी राहायला हवं म्हणून. स्वतःला मत देणं त्यांना निर्लज्जपणाचं वाटे, त्यामुळे त्यांचंही बटण मास्तरलाच. निकालाच्या वेळी मात्र ते आपला रिकामा कप उलटा करत, बुडाला टिचकी मारत आणि हसून म्हणत, "अडकलं असेल एखादं."

ते हसणं वहिनींना बघवायचं नाही. यंदा त्यांनी ठरवून टाकलं. मास्तर काय, येणारच निवडून. आपलं एक बटण मामांना. टाकलं, आणि मोठं पुण्य पदरात पडल्यासारख्या त्या बाहेर आल्या.

मास्तरच्या कपात एकच बटण निघालं. ते मामांचं. बाकी झाडून सगळी मामांच्या कपात, खुद्द मास्तरचंसुद्धा.

"मला वाटलं, मी एकटीच..." वहिनी पुटपुटल्या.

"मलापण तेच वाटलं," हातशिलाईवाली ताई म्हणाली.

मास्तर खाकरला. "तुम्ही सगळे एवढे प्रेमळ आहात हे मला काय ठाऊक? माझ्याशी वागताना कधी दिसलं नाही ते!"

मामा कप छातीशी धरून बसले होते.

"कीव आली होय रे माझी?"

"कीव कसली मामा! माया आहे ती," वहिनी म्हणाल्या.

"मग थोडी थोडी करायची. सगळी एकदम ओतलीत की!" त्यांनी डोळे पुसले. इस्त्री बंद होती, त्यामुळे वाफेवर ढकलायचीही सोय नव्हती. "मला नको बाबा कारभार. कुणाला 'लवकर कर' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझी इस्त्री बरी. पुन्हा मतं घ्या, आणि आता शहाण्यासारखी द्या."

पुन्हा मतं घेतली. वहिनी पडद्यामागे बटण हातात घेऊन उभ्या राहिल्या. आता सगळे शहाणे झालेत, मास्तरला ढीगभर पडणार. पण मग मामांचा कप? आत्ताच कसा लेकरासारखा धरला होता त्यांनी. तो परत रिकामा? आपल्या एका बटणाने काय आभाळ कोसळणार आहे?

पडदा आखूड होता. बाहेर आल्यावर वहिनींना त्याखालून एकेकाची पावलं दिसत होती. सगळी तशीच घुटमळत होती.

मामा पुन्हा निवडून आले. निवृत्त होईपर्यंत तेच कारभारी राहिले. त्या काळात कारखान्यातून एकही कपडा वेळेवर गेला नाही.