गेणभाऊंचा माळा

महाळुंगे पडवळमध्ये कुणी वीट हलवली, की गेणभाऊंना आधी वास लागतो. बांधकाम खात्यात शिपाई असताना त्यांनी साहेबांच्या टेपचं दुसरं टोक धरलं, एवढीच त्यांची नोकरी. पण निवृत्त झाल्यापासून अख्खं खातं आपल्याच खांद्यावर आहे, अशा थाटात ते गावभर फिरतात. टेप कायम खिशात. निम्मं गाव आपल्याशी बोलत नाही, हेही ते अभिमानानं सांगतात.

शेजारच्या सयाजीनं माळ्यावर पोरांसाठी खोली काढायला घेतली, तेव्हा गेणभाऊ न बोलावता शिडी चढले.

"मानूस राहनार म्हंजे उतरत्या पत्र्याखाली सरासरी नऊ फूट उंची लागती, राव. कडंला बी सात फुटाच्या खाली चालत न्हाई. हितं कांदाच राहू दे."

सयाजी ऐकेना, तर हे थेट ग्रामपंचायतीत. बिचाऱ्याला घातलेला पत्रा उतरवून भिंती वर घ्याव्या लागल्या.

मग गेणभाऊंच्या गोरखचं लग्न झालं. घरात बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि देवाची खोली. नवं जोडपं बाहेरच्या खोलीत पडद्याआड झोपायचं आणि गेणभाऊ अंगणात जाताना उगाच खोकायचे. शेवटी सूनबाई हर्षालीनं सरळच सांगितलं, "मामा, आमाला आमची खोली पायजे. न्हाईतर आमी मंचरला भाड्यानं राहतो."

एकुलता एक पोरगा घर सोडून जाणार म्हटल्यावर गेणभाऊ घरभर जागा शोधू लागले. मोकळा होता तो फक्त माळा. ते टेप घेऊन वर गेले. आढ्याखाली ठीक होतं, पण कडेला पत्रा कमरेपर्यंत येत होता. त्यांनी टेप ताणून पाहिली, सैल सोडून पाहिली. तिला दया आली नाही. भिंती मातीच्या, वर चढवायला जावं तर घरच खाली बसायचं. शिवाय माळा नेमका देवघरावर, आणि देवाच्या डोक्यावर कोण झोपणार?

"भाऊ," खालून सयाजीचा आवाज आला, "दुसरं टोक धरू का?" तो नवीकोरी टेप घेऊन आला होता.

गेणभाऊ तोंड पाडून उतरले. चिमाबाई भाकरी थापत होत्या. नवऱ्याकडं न बघताच म्हणाल्या, "देवच वर न्या की. त्यास्नी कुठं उभं राहायचंय? त्यांची खोली पोरांना द्या."

गेणभाऊंनी नियम आठवून पाहिले. देवाच्या उंचीबद्दल साहेब कधी काही बोलल्याचं आठवेना. खंडोबा, भवानी आणि बाकीचे टाक ताम्हनात बसून, भंडाऱ्याच्या उधळणीत माळ्यावर गेले. खालच्या खोलीची उंची पुरेशी होती, फक्त उजेड नव्हता. गेणभाऊंनी भिंत फोडून खिडकी काढली आणि तिचं माप सयाजीला घ्यायला लावलं.

आता रोज सकाळी गेणभाऊ ओलेत्यानं, हातात तांब्या घेऊन शिडी चढतात, कमरेत वाकून पूजा करतात आणि उठताना वाशावर डोकं आपटून घेतात. परवा तो आवाज अंगणापर्यंत गेला.

"काय भाऊ, उंची बसती का नियमात?" सयाजीनं विचारलं.

तेवढ्यात खालची खिडकी उघडली. "मामा, च्या झालाय. सावकाश उतरा!" हर्षालीनं हाक दिली.

गेणभाऊ टेंगूळ चोळत शिडीवर थांबले. "देवांची तक्रार न्हाई," ते म्हणाले, "आन् माजी बी न्हाई."

कुठल्याही बांधकामाबद्दल ते असं पहिल्यांदाच बोलत होते.