दाव्याची गाठ

आमच्या बालवीर पथकाचा तळ मूर्तिजापूरजवळच्या एका मळ्यात पडला होता. पाणी शेंदताना बादली विहिरीत पडली आणि मास्तर म्हणाले, "चला, शिकलेलं करून दाखवा." उतरायला माझा वर्गमित्र पुढं झाला. त्याच्या छातीभोवती दोर बांधायचं आणि आणखी तिघांसोबत तो धरायचं काम माझं होतं.

न सरकणारी, न सुटणारी गाठ मास्तरांनी महिनाभर घोटून घेतली होती. पण नागपूरहून तपासणीला आलेले साहेब बघत उभे होते, आणि घाईत माझ्या हातांनी, मी रोज संध्याकाळी बैलाच्या दाव्याला मारायचो, तीच गाठ मारली. मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटणारी.

तो चार हात खाली गेल्यावर मला ते दिसलं. टोक त्याच्या हनुवटीखाली लोंबत होतं. तोही शेतकऱ्याचंच पोर. तसं टोक दिसलं की ओढायचं, ही त्याच्याही हाताची सवय. खाली गुडघाभर पाणी आणि काळा खडक. सांगितलं तर तो हात लावेल म्हणून मी गप्प राहिलो. साहेबांपुढं शोभा होईल, हेही मनात होतं; आता कशाला लपवू.

आम्ही चौघांनी दोर ओढला. बादलीसकट तो वर आला. मास्तरांनी एका बोटानं ते टोक ओढलं आणि दोर त्याच्या पायांत गळून पडला.

जेवताना मी त्याला म्हणालो, "तुले सांगणार होतो रे."

"मले उतरतानाच दिसलं होतं," तो म्हणाला. "पण बोंबललो असतो, तं तू घाबरून दोर सोडला असता."