तीन किलो कुरडया

पद्मावतीबाईंना बघायला एकनाथराव आले, तेव्हा मुलीकडे बघायच्या आधी त्यांनी पोह्यांची बशी उचलली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "सव्वादोनशे ग्रॅम. बशीसकट." मग तांब्या उचलला, होणाऱ्या सासऱ्यांची काठी उचलली, कोनाड्यातला पितळी गणपतीही उचलला. आता नंबर मुलीचा, या भीतीने मावशीने तिला आत ओढून कडी घातली. त्या कडीचं वजन एकनाथरावांनी बाहेरून, नुसत्या आवाजावरून सांगितलं, असं पद्मावतीबाईंच्या माहेरी अजून सांगतात.

तरीही लग्न झालं, कारण नोकरी रेल्वेची होती. भंगाराच्या यार्डात, काट्यावर, चौतीस वर्षं. तिथे सगळं लोखंड, आणि लोखंडाला कोणी आकार विचारत नाही. त्यामुळे जगात वजन तेवढं खरं, बाकी अफवा, असं त्यांचं ठाम मत झालं. निवृत्तीनंतर ते तारनाक्याच्या बाजारात दिसले की भाजीवाल्या आपले तराजू पदराखाली घेत.

यंदा लेक तेजश्रीला टोरांटोत सातवा महिना लागला आणि डोहाळे कशाचे, तर कुरडईचे. "आई, बाकी काही नको गं. तुझी कुरडई पाठव. कढईत फुलून ताटाएवढी होते ना, तीच."

पद्मावतीबाईंनी तीन दिवस गहू भिजवले, चीक काढून शिजवला, सोऱ्याने कुरडया घातल्या आणि गच्चीवर उन्हात बसून कावळे हाकलले. एकही न मोडता त्या भल्यामोठ्या खोक्यात रचल्या. एकनाथरावांनी खोकं उचललं. "तीन किलो. फार तर दहा ग्रॅम वर."

कुरिअरच्या काट्याने तीन किलो दहा ग्रॅमच दाखवलं. एकनाथरावांनी आजूबाजूला असं पाहिलं, जणू हार घालायला कोणी पुढे येतंय. एवढ्यात काउंटरवरच्या ईशाने टेप काढून खोकं मापलं.

"अंकल, बारा किलो का लगेगा."

"बारा? वरचे नऊ कुठून आले?"

"डब्बा कित्ता बडा है देखो ना."

"अगं, आत हवा आहे! हवेचं वजन धरता?"

"वजन का नै अंकल, जागा का. हमारे मामू चालीसच किलो के हैं. शेअर ऑटो में आडे सो गए, तो ऑटोवाला तीन सवारी के पैसे लेता कि नै?"

पद्मावतीबाईंना खुदकन हसू आलं. एकनाथरावांनी मात्र खोकं पुन्हा एकदा उचलून पाहिलं. वजन एक, जागा दुसरी, आणि त्या जागेत ते वजन किती गच्च बसलंय ही तिसरीच भानगड, हे त्यांना आयुष्यात प्रथमच कळत होतं.

"शाळेत ह्याला घनता म्हणायचे," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही नुसतं उचलता. द्या आता बाराचे पैसे. पोरगी वाट बघतेय."

"नऊ किलो हवा मी समुद्रापार पाठवणार नाही!"

खोकं घरी परत आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्मावतीबाई भजनाहून आल्या, तर स्वयंपाकघरात एकनाथराव घामाघूम, हातात वरवंटा, आणि पुढ्यात पंधरा लिटरचा पत्र्याचा डबा. मोठं खोकं रिकामं.

"बघ! सगळ्या बसल्या! वजन तेच, तीन किलो दहा ग्रॅम. जागा पाव झाली. म्हणजे घनता चौपट!"

पद्मावतीबाईंनी डब्यात डोकावलं.

"आणि कुरडई कुठाय?"

"ह्यातच आहे की. एक कण बाहेर गेलेला नाही."

"मग तळून दाखवा एक."

एकनाथरावांनी डब्यातून चिमूटभर चुरा उचलला, सवयीने डोळे मिटले. या खेपेस त्यांना काहीच सांगता येईना.

नव्याने कुरडया घालाव्यात, तर आभाळ भरून आलं होतं, कडक ऊन संपलं होतं. शेवटी डबा तसाच गेला. तो नवव्या दिवशी टोरांटोला पोहोचला. तेजश्रीने चुऱ्याची भाजी केली. मीठ जरा जास्त झालं; वाटी एकच होती, पण तिच्यात मीठ चार वाट्या कुरडयांचं होतं.