तुह्या मायसाठी

"मले चित्रही येत नाही आन् रडूही येत नाही. दुसरं काई काम असंल तं सांगा," असं म्हणून वामनदादांनी रंगाची डबी परत सरकवली. सुलतानपूरच्या समाजमंदिरात आम्ही काही म्हातारी माणसं जमलो होतो. प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी गेलेलं. देऊळगाव राजाहून येणारी रेवती नावाची मुलगी आम्हाला मनातलं दुःख कागदावर उतरवायला शिकवणार होती.

दादांची बायको काशीबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. मयतीला आलेल्यांना दादांनीच धीर दिला. सुनेला म्हणाले, "रडून घे, माह्या वाटचंही." स्वतःच्या डोळ्यांत टिपूस नाही. पण तेव्हापासून जेवण तुटलं आणि माणूस वाळत गेला.

रेवतीने आग्रह केला नाही. त्यांच्याजवळ सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "काका, माझी आई मागच्या पोळ्याला गेली. मलाही तिचं चित्र जमत नाही. दोघं मिळून काढू या?" भाकरी थापताना आई बांगड्या कशा मागे सारायची, ते सांगताना तिचा आवाज कापला. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले.

मग ते दर खेपेला काशीबाईंचं चित्र काढू लागले. तुरीच्या शेंगा सोलणारी काशी, उन्हात केस वाळवणारी काशी. येताना रेवतीसाठी खिशात बोरं आणायचे. "बिनमायचं लेकरू हाये, बाई. तिले कोण खाऊ घालंल?" असं मला म्हणायचे.

एकदा दादा आणि मी डोळे दाखवायला देऊळगाव राजाला गेलो. स्टँडवर रेवती दिसली. सोबत भाजीची पिशवी घेतलेली एक बाई. रेवती काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "सुलतानपूरचे काका ना? लेक फार सांगते तुमच्याबद्दल. मी तिची आई."

दादा तिच्या बांगड्यांकडे पाहत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "जपा, ताई."

रेवती मागून धावत आली. "काका, तसं सांगितलं नसतं तर तुम्ही मोकळे झाला नसता. तुमच्या भल्यासाठीच..."

"काशीसाठी मले रडू आलं नाही, पोरी. तुह्या मायसाठी आलं. आता काशीले काय तोंड दाखवू?"

समाजमंदिराच्या भिंतीवरची आपली चित्रं त्यांनी दुसऱ्याच दिवशी उतरवली. मी म्हटलं, ठेवा, काशीबाई आहेत त्यात. "खोट्याच्या पोटची हायेत," म्हणाले आणि चुलीत घातली. पुढे कोणी समोर रडलं की ते आधी त्याचा चेहरा निरखून बघायचे. "बजारात फसवलं तं समजते, बाई. दुःखात फसवलं तं माणसानं कोणापाशी बसावं?"

दादा आता नाहीत. ते गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात रेवतीची आई खरोखर गेली. फोन मला आला. दादांना सांगू की नको, असं झालं. सांगितलं, तर त्यांनी उठून टोपी घातली. "चला."

रेवती त्यांना पाहताच उंबऱ्यात थबकली. "काका, या वेळी खरं आहे."

"हाव. म्हून तं आलो."

ते तिच्याशेजारी बसले. बायका रडत होत्या. रेवती मधूनमधून त्यांच्याकडे आशेने पाहत होती. निघताना दादा अगदी हळू म्हणाले, "लय पाह्यलं, पण रडू येऊन नाही राह्यलं, पोरी. तुह्या मायसाठी मी तवाच रडून बसलो."