टेलरचाचांची नवी पँट

गेल्या शुक्रवारी वाशीमचे आमचे टेलरचाचा नागपूरच्या विमानतळावर दिवसभर उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या.

त्यांची मुलगी हैदराबादला एका विमान कंपनीत नोकरी करते. तिच्या आईवडिलांना फुकट प्रवास मिळतो, पण विमानात जागा उरली तरच, आणि कपडे नीटनेटके हवेत. नातेवाईक गबाळा दिसला, तर तक्रार मुलीच्या नावावर जाते.

चाचा एरवी गिऱ्हाइकांनी न नेलेले शर्ट घालतात. कुणाची बाही लांब, कुणाची आखूड. या प्रवासासाठी त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं माप घेतलं आणि पँट-शर्ट शिवला.

सकाळचं विमान भरून गेलं, दुपारचंही. मी फोनवर म्हणालो, "चाचा, बसा ना जरा."

"बसलो तं पँट गुडघ्यावर फुगते."

"कोण पाहून राह्यलं तिथं?"

"मी पाहून राह्यलो ना! तुयासारखी चुरगळलेली पँट घालून आलो असतो, तं पोरीले बोलणी बसली असती."

संध्याकाळच्या विमानात एक जागा उरली. काउंटरवरच्या बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पास हातात दिला.

विमानात ते बसले.