मारुतीचा गोविंद, गोविंदाचा मारुती

स्क्रीनवरचं लहान चक्र फिरतच राहिलं. धाकट्या बहिणीच्या जात पडताळणीसाठी वंशावळ हवी होती. घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून ती डेटाबेसच्या तक्त्यात भरायला घेतली. एका ओळीत एक माणूस, शेजारी फक्त वडिलांचं नाव. आपल्या नावात तरी याहून जास्त कुठे असतं? वडिलांच्या नावाची ओळ शोधायची, मग त्यांच्या वडिलांची, असं मूळ पुरुषापर्यंत चढायचं.

पण आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. मारुतीचे वडील गोविंद, गोविंदाचे वडील मारुती. शोध वर चढण्याऐवजी गोल फिरत होता. बहिणीच्या प्रवेशाची मुदत शुक्रवारपर्यंत, आणि पुरावा म्हणून जोडायच्या शाळेच्या जुन्या दाखल्यावरचा 'मारुती गोविंद' नेमका कोणता, ते मलाही कळेना. वडीलही मारुती गोविंदच. घाबरून त्यांनाच फोन केला.

"दादा, शाळेत गेलेला मारुती कोणता?"

"माझा आजा. दुसरी शिकला. मी कुठला जातोय, म्हशीमागं असायचो."

मग मी प्रत्येकाला क्रमांक दिला आणि वडिलांच्या रकान्यात नावाऐवजी तो लिहिला. दादांचा चौथा, तो त्यांना फोनवरच सांगितला.

"म्हणजे शाळेत न जाताच माझा नंबर आला की!" दादा हसले.

शोध आता नीट चढला आणि पहिल्या गोविंदापाशी थांबला. त्याच्या वडिलांचा रकाना रिकामा आहे. संगणक त्यालाच मूळ पुरुष समजतो. खरं तर त्याच्या वडिलांचं नाव आमच्यात कुणालाच आठवत नाही. उद्या पडताळणीच्या साहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं, तर काय सांगू?